चिनी, लाख, यशब : पूर्व आशियाई कलावस्तूंची मराठी नावे

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा, म्हणजे १९९८ पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा, चिनी व जपानी कलावस्तूंचा संग्रह मुख्यतः दोन बंधूंच्या दानातून उभा राहिला आहे. सर रतन टाटा (१८७१–१९१८) ह्यांचा संग्रह १९२१ मध्ये आणि त्यांचे ज्येष्ठ बंधू सर दोराब टाटा (१८५९–१९३२) ह्यांचा १९३३ मध्ये संग्रहालयाच्या स्वाधीन झाला. संग्रहालय लोकांस खुले झाले ते १० जानेवारी १९२२ रोजी. तेव्हा पहिले दान जवळजवळ वास्तूच्या प्रवेशाबरोबरच आले असे म्हणावयास हरकत नाही. चिनी मातीची भांडी, यशबाच्या वस्तू, तपकिरीच्या कुप्या, हस्तिदंती काम, मीनाकारीचे कलश, जपानी नेत्सुके व इन्रो अशा अनेक प्रकारांचा त्यांत समावेश आहे. मुंबईच्या व्यापारी घराण्यांचा पूर्वेकडील समुद्राशी जुना संबंध होता. कापूस आणि अफू घेऊन येथून जहाजे जात. जमशेटजी टाटा १८५९ मध्ये हाँगकाँगला गेले होते आणि १८९३ मध्ये जपानला. त्याच वर्षी निप्पॉन यूसेन काइशा ह्या जपानी कंपनीची कोबे–मुंबई जहाजवाहतूक सुरू झाली. त्यांच्या पुत्रांना ह्या वस्तूंची गोडी लागावी ह्यांत आश्चर्य नाही.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय संग्राहक नव्हेत. ह्या वस्तूंना मराठीत काय म्हणावयाचे, हा आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. कोश उघडावा, शब्द घ्यावा आणि पाटीवर लिहावा. प्रस्तुत लेखकाचीही काही काळ हीच समजूत होती. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून एकदा अशा वस्तूंची मराठी परिचयपत्रे तयार करून घेतली. आधार होता इंग्रजी–मराठी कोशांचा. ती पत्रे छायाचित्रांसह कळवण येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे वाचून दाखविली. कळवण हे लेखकाचे गाव. गिरणेच्या खोऱ्यातील ह्या तालुक्यात घरोघरी अहिराणी बोलली जाते आणि पश्चिमेच्या डोंगरपट्टीत कोकणा समाजाची बोली. प्रमाण मराठी ही शाळेत भेटणारी भाषा. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी मुंबईचे संग्रहालय पाहिलेले नव्हते. म्हणजे त्यांना ती वस्तू केवळ शब्दावरूनच उभी करावयाची होती. पाटीची खरी परीक्षा अशाच वाचकापुढे होते, आणि त्या परीक्षेत आमच्या पाट्या उतरल्या नाहीत. शेवटचा हात प्रस्तुत लेखकाचाच फिरला होता. तेव्हा पुढील चुकांचे धनीपण त्याच्याकडे आहे.

आरंभ ‘चिनी’ ह्या शब्दापासून करू. आमच्या पत्रात ‘निळ्या नक्षीचे चिनी मातीचे भांडे, चीन, मिंग काळ’ असे लिहिले होते. श्रोत्यांना विचारले, भांडे कशासारखे दिसत असेल? उत्तर आले, लोणच्याच्या बरणीसारखे. हे उत्तर चुकीचे ठरवणे सोपे आहे, पण ते भाषेच्या दृष्टीने पूर्णपणे बरोबर होते. कळवणच्या कोणत्याही जुन्या घरात फडताळावर उभी असलेली, वरून तपकिरी आणि खालून पिवळसर पांढरी अशी बरणी ‘चिनी मातीचीच’ असते. ह्या शब्दातून चीन देश केव्हाच निघून गेला आहे आणि ‘चकाकणारा लेप दिलेले भाजलेले भांडे’ एवढाच अर्थ मागे राहिला आहे. ही प्रक्रिया अलीकडची नव्हे. दौलताबादच्या किल्ल्यातील ‘चिनी महाल’, जेथे गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह ह्याला औरंगजेबाने कैदेत ठेवले होते, त्यास हे नाव पडले ते त्यावरील रंगीत झिलईच्या फरशांमुळे. त्या फरशांच्या कलेचा वारसा इराणी आहे. चीनशी तिचा थेट संबंध नाही. म्हणजे ‘चिनी’ हे विशेषण सतराव्या शतकापर्यंत दख्खनेत देशवाचक न राहता द्रव्यवाचक झाले होते.

शिवाय मराठीत ‘चिनी माती’ हा एकच शब्दप्रयोग तीन गोष्टींना लागतो: कच्च्या पांढऱ्या मातीला, तिच्यापासून केलेल्या पारदर्शकप्राय भांड्याला आणि वर सांगितलेल्या जाड बरणीला. पहिल्या दोहोंचा संबंध खरा आहे. जिंगडेजेनजवळील गाओलिंग ह्या गावावरून ज्या मातीला पाश्चात्त्य भाषांत केओलिन म्हणू लागले, ती माती आणि एक विशिष्ट दगडाची भुकटी ह्यांचे मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सियसपर्यंत भाजले म्हणजे अंग काचेसारखे एकजीव होते. असे भांडे उजेडासमोर धरले तर बोटांची सावली दिसते आणि टिचकी मारली तर घंटेसारखा नाद निघतो. बरणीबाबत दोन्हींपैकी काहीच घडत नाही. युरोपीयांना हे अंग पाहून कवडी आठवली. इटालियन भाषेतील कवडीचे नाव ‘पोर्चेल्लाना’ त्यांनी भांड्याला दिले आणि पुढे मायसेन येथे १७०८ च्या सुमारास तिचे रहस्य उकलेपर्यंत ते ह्या मालासाठी चीन व जपानवरच अवलंबून राहिले. आम्ही सुधारलेल्या पत्रात ‘चिनी माती’ हा शब्द ठेवला, कारण रूढ शब्द उखडून टाकण्याचा अधिकार भाषाशास्त्रज्ञाला नाही. परंतु त्यापुढे ‘उजेडासमोर धरता अंगातून प्रकाश दिसणारी’ अशी पुस्ती जोडली. निळ्या रंगाविषयीही एक वाक्य घातले. तो रंग कोबाल्टचा. चौदाव्या शतकात ह्या कामासाठी इराणकडून आलेले कोबाल्ट चीनमध्ये वापरीत. म्हणजे जे भांडे आपण अस्सल चिनी म्हणून पाहतो त्याची नक्षी परदेशी द्रव्याने रेखलेली असू शकते.

आता ‘लाख’. ह्या शब्दाने आमची सर्वांत मोठी फजिती केली आणि सर्वांत अधिक शिकविलेही.

जपानी इन्रो म्हणजे कमरेला लटकावण्याची, एकावर एक बसणाऱ्या लहान कप्प्यांची डबी. नावाचा मूळ अर्थ ‘शिक्क्याची पेटी’. पुढे तीत औषधे ठेवीत. तिच्यावरील काळ्या, आरशासारख्या गुळगुळीत लेपाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मराठी पर्याय कोशांनी ‘लाख’, ‘लाखेचे रोगण’, ‘लाखकाम’ असा दिला आहे. आम्ही ‘लाखकामाची डबी’ असे लिहिले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ह्यांत काहीच वावगे नाही, किंबहुना तो शब्द आपलाच आहे. संस्कृत लाक्षा, प्राकृत लक्खा, तेथून फारसी–अरबी ‘लाक’, तेथून पोर्तुगीज ‘लाका’ आणि त्यावरून इंग्रजी शब्द. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानातील लाख ओळखली होती. पूर्वेकडे तसाच चकचकीत लेप दिसताच तेच नाव त्यांनी त्यालाही दिले. म्हणजे नाव हिंदुस्थानातून युरोपात गेले, युरोपीयांनी ते चीन–जपानच्या वस्तूला चिकटविले आणि आता कोशकारांनी ते त्या वस्तूसह परत आणले. फक्त ह्या प्रवासात वस्तू बदलली, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म कीटकाचे स्रवण आहे. ती उष्णतेने वितळते; बांगड्या घडविणारा कारागीर ती निखाऱ्यावर मऊ करतो आणि सावंतवाडीचा कारागीर फिरत्या लाकडावर घासून चढवितो. पूर्व आशियातील लेप झाडाचा चीक आहे. जपानी भाषेत त्यास ‘उरुशी’ म्हणतात. झाडाच्या सालीला आडव्या खाचा पाडून तो थेंबथेंब गोळा करावा लागतो, एका झाडापासून जेमतेम पेलाभर. तो लाकडावर पातळ थरात लावतात, आणि वाळविण्यासाठी ऊन नव्हे तर उबदार, दमट हवा लागते, कारण तो पाणी उडून वाळत नाही. दमटपणात प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतो. एकदा घट्ट झाला की कितीही तापवा, वितळत नाही. प्रत्येक थर घासावयाचा, मग दुसरा द्यावयाचा. चीनमधील कोरीव कामात थरांची संख्या शंभराच्या वर जाते. ओला चीक अंगाला लागला तर कातडीवर फोड उठतात; शिकाऊ कारागिरांना हा त्रास ठरलेला.

हे सारे स्पष्टीकरण कळवणला तोंडी देत असताना मागील बाकावरून, डोंगरपट्टीतील एका पाड्यावरून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “म्हणजे सर, बिब्बाच की.”

प्रस्तुत लेखकाने त्या वेळी हसून विषय पुढे नेला. घरी येऊन वनस्पतिशास्त्राचे पुस्तक पाहिले तेव्हा हसणे अंगलट आल्याचे कळले. उरुशीचा वृक्ष आणि बिब्ब्याचा वृक्ष एकाच कुलातील आहेत. आंबा व काजू हेही त्याच कुलातले. बिब्ब्याच्या फळाच्या कवचातील काळा रस आणि उरुशीचा चीक ह्यांतील दाहक द्रव्ये रासायनिकदृष्ट्या एकमेकांची भावंडे आहेत. परटाने कपड्यावर केलेली बिब्ब्याची खूण धुऊन जात नाही, टाचेच्या भेगांत बिब्बा भरतात, आणि तो ‘उतला’ तर अंगावर फोड येतात, हे जिला घरच्या अनुभवाने ठाऊक होते तिला इन्रोवरील काळा लेप आमच्या कोशापेक्षा अधिक अचूक कळला होता. (आपल्या भाषेत एखाद्याच्या कामात ‘बिब्बा घालणे’ म्हणजे ते बिघडविणे. आमच्या परिचयपत्रात तिने बिब्बा घातला, आणि बरे झाले.)

ह्यावरून इन्रोस ‘बिब्ब्याची डबी’ म्हणावे असे अर्थातच नव्हे. बिब्ब्याच्या रसाने तसा लेप होत नाही, आणि दाखला म्हणजे नाव नव्हे. पण ‘लाखकाम’ ह्या शब्दाने वाचकाच्या मनात बांगडी उभी राहते, निखारा उभा राहतो, आणि तंत्राविषयी सर्वथा उलटी समजूत होते: जे दमट हवेत घट्ट होते ते विस्तवाने वितळवून लावले असे वाटू लागते. संग्रहालयाच्या दृष्टीने ही केवळ शब्दांची काथ्याकूट नाही. उरुशीचा लेप प्रखर उजेडाने निस्तेज होतो व फार कोरड्या हवेत आतील लाकूड आक्रसून तो तडकतो. वस्तू हाताळणाऱ्या सेवकास ती ‘लाखेची’ आहे असे सांगणे म्हणजे त्याला चुकीच्या शत्रूविरुद्ध पहाऱ्यावर उभे करणे होय. आम्ही ‘उरुशी’ हाच शब्द स्वीकारला आणि त्यापुढे ‘झाडाच्या चिकाचा लेप’ असे लिहिले.

यशबाची कथा वेगळी आहे. येथे मराठीत नेमका शब्द होता आणि आम्हीच तो विसरलो होतो. विद्यार्थ्यांनी ‘जेड’ ह्यास कोठे ‘हिरवा दगड’, कोठे चक्क ‘पाचू’ असे लिहिले. पाचू हे निराळे रत्न; आणि हिरवेपणाचा तर नियमच नाही, कारण चिनी रसिकांनी शतकानुशतके सर्वांत अधिक मान दिला तो चरबीसारख्या स्निग्ध पांढऱ्या यशबाला. खोतानकडील हा दगड मोगल दरबारातही परिचित होता आणि फारसीतील ‘यशब’, ‘यशम’ ही त्याची नावे त्याच वाटेने आपल्याकडे आली. खनिजशास्त्रज्ञ येथे एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. यशब आणि इंग्रजीतील जॅस्पर हे शब्द मुळात एकच असून जॅस्पर हा अगदी वेगळा दगड आहे. शिवाय ज्यास आपण यशब म्हणू त्यातही नेफ्राइट व जेडाइट ही दोन भिन्न खनिजे मिसळलेली आहेत, हे १८६३ मध्ये दामूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले. दुसरे मुख्यतः ब्रह्मदेशातून अठराव्या शतकात चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. तथापि चिनी भाषा ह्या दोहोंस आणि इतरही सुंदर दगडांस ‘यू’ ह्या एकाच नावाने ओळखते. कारागिराच्या जगातील वर्गीकरण प्रयोगशाळेच्या वर्गीकरणापेक्षा निराळे असते, आणि कलावस्तूच्या पाटीवर पहिल्याचा मान आधी राखला पाहिजे.

ह्या दगडाच्या नावांत एक चमत्कारिक साम्य आहे. स्पॅनिश लोकांनी त्यास ‘कुशीच्या दुखण्याचा दगड’ म्हटले. त्यातील ‘कुशी’ ह्या अर्थाच्या शब्दावरून जेड हे नाव आले. नेफ्राइट ह्या नावात मूत्रपिंडाचा ग्रीक शब्द आहे. आणि मोगलकालीन हिंदुस्थानात छातीची धडधड शमविण्यासाठी यशबाचे जे पदक गळ्यात घालीत त्यास ‘हौलदिली’ म्हणत: ‘हौल’ म्हणजे भय, ‘दिल’ म्हणजे हृदय. मराठीतील ‘हवालदिल’ तो हाच. आपण दररोज जो शब्द वापरतो त्याच्या गळ्यात एकेकाळी हे पदक लटकत होते, हे कळवणच्या वर्गात सांगितले तेव्हा यशब हा शब्द कोणाला पुन्हा समजावून द्यावा लागला नाही.

येथेच क्रियापदाचाही प्रश्न उपस्थित होतो. ‘यशबात कोरलेला पेला’ असे आपण सहज लिहितो. परंतु ह्या दगडावर साध्या पोलादी हत्याराची मात्रा चालत नाही. त्याहून कठीण वाळूची पूड पाण्यात कालवून, तिच्या घर्षणाने तो महिनोन्‌महिने झिजवावा लागतो. सहाणेवर चंदन उगाळणाऱ्याला ही गोष्ट कळावयास वेळ लागणार नाही, मात्र येथे झिजणारी वस्तूच कलाकृती असते. ‘झिजवून घडविलेला पेला’ हे शब्द कानाला जड लागतात खरे. तरी ते खरे आहेत.

मीनाकारीविषयी थोडक्यात. तांब्याच्या भांड्यावर धातूच्या पातळ तारा उभ्या बसवून कप्पे करावयाचे, कप्प्यांत रंगीत काचेची ओली पूड भरावयाची, भाजावयाचे आणि घासून सपाट करावयाचे, अशी ही चिनी–जपानी रीत. जयपूरकडील मीनाकारीत धातू खोदून त्या खळग्यांत मीना भरतात. दोहोंस मीनाकारी म्हणण्यास प्रत्यवाय नाही. एकीस ‘तारबंद’ व दुसरीस ‘खोदीव’ असे विशेषण लावले की भेद राहतो. परंतु भाषाशास्त्रज्ञाला थांबविते ती ह्या कलेची मूळ नावे. मिंग सम्राट जिंगताई (राज्यकाल १४५०–१४५७) ह्याच्या नावावरून चीनमध्ये तिला ‘जिंगताईचा निळा’ म्हणतात. त्यापूर्वी, १३८८ च्या एका चिनी ग्रंथात, तिचे नाव ‘दाशी देशाचे काम’ असे आहे. दाशी म्हणजे अरब. फारसीत अरबाला ‘ताजी’ म्हणत आणि ज्या शब्दावरून अरबी घोड्यालाही ताजी म्हटले जाई त्याचेच हे चिनी रूप. म्हणजे चिनी लोकांच्या लेखीही ही कला पाहुणी होती. जपानी भाषेत तिचे नाव ‘शिप्पो’, अर्थात सात रत्ने. बौद्ध सूत्रांतील सप्तरत्नांचे ते चिनीमार्गे झालेले शब्दशः भाषांतर आहे.

अशी उदाहरणे एकटीदुकटी नाहीत. झिलई व रंगीत काच ह्यांसाठी चिनी भाषेत ‘लिउली’ हा शब्द आहे. तो संस्कृत वैडूर्य, पाली वेळुरिय, ह्याचा अवशेष मानतात. भिक्षूच्या वाडग्यास चिनीत जो ‘बो’ शब्द आहे तो आपले ‘पात्र’ होय. टाटा बंधूंच्या पेट्या मुंबईच्या बंदरात उतरण्यापूर्वी सुमारे दीड हजार वर्षे आपले शब्द भिक्षूंच्या झोळीतून त्या देशांत गेले होते. तेव्हा ह्या वस्तूंना ‘परक्या’ म्हणताना जपून बोलले पाहिजे.

राहिले लहान जिन्नस. तपकिरीच्या कुपीने काही अडचण केली नाही. तपकीर, तिचा रंग, तिची शिंक हे सारे मराठीच आहे. फक्त येथे डबीऐवजी कुपी का, हे सांगावे लागले: चिनी लोकांनी तपकीर दमट होऊ नये म्हणून औषधाच्या कुपीसारखे अरुंद तोंड व घट्ट बूच पसंत केले, आणि बुचाला आतून एक नखाएवढा चमचा जोडला. काही कुप्यांत काचेच्या आतील बाजूने, वाकड्या टोकाच्या कुंचल्याने, उलटे चित्र काढलेले असते.

नेत्सुकेसाठी आम्ही आधी ‘अलंकृत गुंडी’ असा शब्द बनविला होता. गुंडी ऐकून श्रोत्यांनी ती अंगरख्याला लावली. वास्तविक जपानी पोशाखाला खिसा नसे. डबी किंवा बटवा दोरीने कमरपट्ट्याखालून लोंबता ठेवीत आणि दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला पट्ट्यावर अडकून राहणारा हा हस्तिदंती वा लाकडी ठोकळा. खिशाविना माणूस पैसे कोठे ठेवतो, हे धोतराच्या कनवटीला नोटा लावून बाजारात जाणाऱ्या आजोबांच्या नातवंडांना सांगावे लागले नाही. येथे शब्द न बनविता ‘नेत्सुके’ हेच नाव ठेवले. ज्या भाषेने ‘रिक्षा’ पचविली तिला ते जड जाण्याचे कारण नाही. जपानी ‘जिनरिकिशा’ म्हणजे मनुष्य–बल–वाहन. युरोपीय बोलण्यात त्यातला ‘जिन’, म्हणजे मनुष्य, आधीच गळून पडला आणि आपल्याकडे उरले ते बल आणि वाहन. रिक्षातून ओढणारा माणूस नावाने आधी गेला, प्रत्यक्षात पुष्कळ नंतर.

‘इमारी’ नावाची रंगीत जपानी भांडी मात्र इमारीची नव्हेत. ती घडत अरिता व आसपासच्या गावांत. इमारी हे ज्या बंदरातून ती जहाजावर चढत त्याचे नाव. ‘इमारी येथील भांडी’ असे आमच्या पत्रात होते, आणि ही चूक दाखवून देण्यास कळवणच्या शेतकऱ्यांच्या मुलांहून योग्य कोणी नव्हते. त्यांच्या शिवारातला कांदा दूरच्या बाजारात लासलगावचा म्हणून विकला जातो.

पत्रांची सुधारलेली प्रत आता विभागात आहे. तीत एक जागा कोरी सोडली आहे. ओल्या उरुशीवर सोन्याची पूड भुरभुरवून चित्र उमटविण्याच्या रीतीला जपानी भाषेत ‘माकी-ए’, म्हणजे ‘पेरलेले चित्र’, म्हणतात. विद्यार्थ्यांपैकी काहींना ‘पेरचित्र’ हा शब्द पसंत आहे, काहींना ‘सुवर्णधूलिचित्र’. कळवणहून तिसरा शब्द आला आहे, ‘सोन्याची रांगोळी’. रांगोळी पुसली जाते आणि हे चित्र शतके टिकते, हा त्यावरील आक्षेप. चिमटीतून पूड सोडण्याची हाताची लकब दोन्हींकडे एकच आहे, ही त्याची बाजू. निर्णय झालेला नाही.